कूलर कुठे लावणार?

नागपुरातल्या आमच्या घराण्यात फ्लॅट घेणारी मी पहिलीच. माझ्या आधीच्या सगळ्यांनी प्लॉट घेतले. सुधार प्रन्यासच्या लेआउटमधला दीड हजार फुटांचा तुकडा, त्यावर आधी दोन खोल्या आणि न्हाणी, मग हातात पैसे आले की पोर्च, मुलाचं लग्न ठरलं की वरचा मजला. अशा घरात जागा किती, हे कुणी विचारत नसे. कमी पडली की वाढवायची. त्यामुळे मला सल्ले देणारे पुष्कळ निघाले, पण एकदा ठरली की कधीच न वाढणारी जागा कशी जोखायची, हे सांगणारं कुणी नव्हतं. "प्लॉट कितीचा?" हा मोठ्या काकांचा पहिला प्रश्न. प्लॉट नाही, दुसरा-तिसरा मजला बघतेय म्हटल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "म्हंजे पोरी, पैसे मोजून अधांतरी राह्यशील."

मनीष नगर, बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, तिकडे जयताळा. सुट्टीचे दिवस यातच गेले. प्रत्येक साइट ऑफिसात आधी एक मोठा आकडा सांगतात. तो सुपर बिल्ट-अप, म्हणजे जिना-लॉबीसकट मोजलेला. समजा तो आकडा ८८० चौरस फूट. भाव ४,५०० रुपये फूट, म्हणजे ३९ लाख ६० हजार. मग करारनाम्याचा मसुदा मागितला की त्यात कार्पेट एरिया, म्हणजे फ्लॅटच्या आतली जागा, लिहिलेला असतो ५६.८६ चौरस मीटर. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात, ते भरतात ६१२. मधले २६८ फूट जिन्यात, लिफ्टमध्ये, लॉबीत आणि बाहेरच्या भिंतींत गेलेले असतात. तीच ३९ लाख ६० हजारांची रक्कम ६१२ ने भागली की भाव येतो ६,४७० रुपये. हा भागाकार ऑफिसातच, समोरच्या माणसादेखत मोबाइलवर करावा. तो लगेच चहा मागवतो.

रेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा, कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात त्यासाठीच्या महारेरा प्राधिकरणाचं काम १ मे २०१७ ला सुरू झालं. विक्री कार्पेटवरच व्हायला हवी, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. सुपर बिल्ट-अप कागदावरून गेला, पण बोलण्यातून गेला नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणंही बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणी आणि माहिती समोर येते. इतकं करणाऱ्याची आकड्यात फसवणूक सहसा होत नाही. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. आकडा पूर्ण खरा असला, तरी त्या घरात राहता किती येईल हे तो सांगत नाही.

आधी कायद्यात काय धरलंय ते बघू. कार्पेटमधून बाहेरच्या भिंती, पाइप जाण्याचे डक्ट, स्वतःची बाल्कनी आणि स्वतःची उघडी गच्ची वगळलेली असते. आतल्या भिंती मात्र त्यात धरलेल्या असतात. टू-बीएचकेमध्ये आतल्या भिंतींची एकूण लांबी सहज ६० फूट भरते, आणि प्लास्टर धरून जाडी साधारण पाच इंच. म्हणजे ६१२ पैकी २५ फूट विटा आणि सिमेंट, तेही कायदेशीर. उलट बाल्कनी वगळलेली असल्यामुळे माहितीपत्रकात चौथाच एक आकडा दिसतो, 'यूजेबल एरिया ६९०'. त्यात बाल्कनीचे ५० आणि ड्राय बाल्कनीचे, म्हणजे धुण्याभांड्याच्या छोट्या बाल्कनीचे, २८ मिळवलेले. हे खोटं नाही, पण याची तुलना दुसऱ्या बिल्डरच्या ६१२ शी करू नये.

करारात आणखी एक कलम असतं, ते कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. बांधकाम पूर्ण झाल्यावर कार्पेटमध्ये तीन टक्क्यांपर्यंत फरक चालतो. कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे, जास्त भरलं तर आपण वरचे द्यायचे. ६१२ चे तीन टक्के म्हणजे १८ फूट. राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणीचं किमान क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर आहे, म्हणजे १९ फुटांच्या आसपास. एका न्हाणीएवढा फरक. पैसे परत येतील, पण दोन फूट खोल आलमारी पावणेदोन फुटांत कशी बसवणार?

आलमारीवरून मिस्त्रीभाऊ आठवले. त्यांना सोबत न्यायची बुद्धी माझी नव्हे, त्यांचीच. माहेरच्या किचनची कपाटं त्यांनी केली होती. फ्लॅट बघतेय हे कळल्यावर म्हणाले, "ताई, सगळे लोक फ्लॅट घेतल्यावर मले बोलावतेत. मंग मी म्हंतो, इथं आलमारी बसत नाही, तर तोंड पाडतेत. घ्याच्या आंधी बोलवत जा ना." या शहरातल्या नव्या फ्लॅटमध्ये खरोखर किती जागा असते, हे आर्किटेक्टपेक्षा फर्निचर करणाऱ्याला जास्त कळतं, असं माझं आता ठाम मत आहे. त्याला रिकामी खोली दिसतच नाही. त्याला त्यात पलंग, आलमारी, शिलाई मशीन आणि पलंगाखालच्या सुटकेसा दिसतात.

पहिल्यांदा त्यांना सॅम्पल फ्लॅटला नेलं. मी आणि नवरा हॉलमध्ये उभं राहून प्रशस्त आहे वगैरे म्हणत होतो. मिस्त्रीभाऊ आत गेले आणि त्यांनी पलंगाला टेप लावला. लांबी पावणेसहा फूट. माझा नवरा पाच फूट अकरा इंच. बाजारातली डबल बेडची गादी साडेसहा फूट लांब येते, मोठी घेतली तर सहा फूट रुंद. मग त्यांनी चौकटींवरून हात फिरवला. आतल्या एकाही खोलीला दार बसवलेलं नव्हतं. मी नंतर पाहिलेल्या बऱ्याच सॅम्पल फ्लॅटांची तीच तऱ्हा. दार नसलं की खोली मोठी दिसते, यात गूढ काही नाही. तीन फुटांचं दार उघडताना जमिनीवर पाव वर्तुळ काढतं, त्याचं क्षेत्रफळ सात चौरस फूट. मुख्य दार, दोन बेडरूमची दारं, दोन संडास-बाथरूमची जरा अरुंद दारं मिळून ३० फूट होतात. त्या ३० फुटांत काही ठेवता येत नाही, आणि त्याचे पैसे ६,४७० च्याच भावाने मोजलेले असतात.

नकाशात बेडरूम १० बाय ११ लिहिलेली. वाचायला बरी वाटते. संहितेत राहण्याच्या खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे १०२ फूट सांगितलेत, त्यापेक्षा ही मोठीच. मिस्त्रीभाऊंनी खडूने जमिनीवर पलंग आखला. दहा फुटांच्या बाजूने पलंग लांब टाकला, मागच्या फळीसकट सात फूट गेले, पायथ्याशी तीन राहिले. तिथे दोन फुटांची आलमारी ठेवली की चालायला एक फूट. म्हणून आलमारी बाजूच्या भिंतीला. अकरातून पलंगाचे सहा आणि आलमारीचे दोन गेले, उरले तीन. आलमारीचा पल्ला दीड-दोन फूट उघडतो, म्हणजे पलंग दुसऱ्या भिंतीला चिकटवणं आलं, आणि मग भिंतीकडे झोपणाऱ्याने रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून. सरकत्या दारांची आलमारी केली तर पल्ल्याची जागा वाचते, पण ती दोन-अडीच इंच जास्त खोल होते. एवढं सगळं मांडून होतं न होतं तोच त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. कॉलम भिंतीपेक्षा नऊ इंच पुढे आलेला. नकाशात तो काळा चौकोन मी पाहिला होता, पण तो पाहणं वेगळं आणि त्यात आलमारी अडकलेली पाहणं वेगळं.

त्या दिवसानंतर मी नकाशावरचं फर्निचर बघणं सोडलं. कॉलम कुठे, बीम कुठून जातो, दार कोणत्या भिंतीकडे उघडतं, स्विचबोर्ड कुठे येणार, खिडकी जमिनीपासून किती वर, एवढंच बघायचं. मापं प्लास्टरच्या आधीची की नंतरची हेही विचारायचं. प्लास्टर दोन्ही बाजू मिळून इंचभर खातं. बाथरूममध्ये टाइल आणि तिच्या खालचा मसाला धरला की आणखी दोन इंच. चार फूट रुंदीच्या बाथरूममधून तीन इंच जाणं म्हणजे बादलीला कोपर लागणं.

पॅसेजबद्दल माझा रागच आहे. एका फ्लॅटमध्ये हॉलपासून मागच्या बेडरूमपर्यंत सव्वातीन फूट रुंद आणि अकरा फूट लांब बोळ होता. ३६ चौरस फूट, सव्वादोन लाखांच्या वर. त्यात फक्त चालायचं. दाखवणारा मुलगा म्हणाला, "प्रायव्हसी मिळते, मॅडम." मिळते, खरं आहे. पण तेवढ्या पैशांत मी आयुष्यभर खोकून आत जाईन.

आता मूळ मुद्दा. नागपुरात फ्लॅटची खरेदी दसरा-दिवाळीत होते, नाहीतर गुढीपाडव्याला. ऑफर तेव्हाच असतात. आणि ऑक्टोबरच्या शेवटी, संध्याकाळी पाच वाजता, या शहरातला कोणताही फ्लॅट हवेशीर असतो. पारा ४५ च्या पुढे गेल्यावर त्याच घरात काय होतं, ते दिवाळीत दिसत नाही. म्हणून मी खरेदी उन्हाळ्यावर नेली. दुपारी तीन-चारला, डोक्याला दुपट्टा बांधून साइटवर जायचं. साइटवरची माणसं चकित होत. एकाने तर विचारलं, "सकाळी आल्या असत्या ना, मॅडम?" सकाळी आले असते तर मला पश्चिमेची बेडरूम कळली नसती.

२५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. त्याच सुमाराला, २६ मेला, नागपुरात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. घर बघणाऱ्याने याचा अर्थ समजून घ्यावा. ऊन स्लॅबवर उभं पडतं, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्याची धडगत नाही. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. दुपार कलली की सूर्य खाली येतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर सरळ आदळतो, तिथे दीड फुटांचा छज्जा काही कामाचा नाही. दक्षिणेच्या भिंतीला मात्र त्या दिवसांत ऊन जवळजवळ लागतच नाही. तिला ते हिवाळ्यात मिळतं, तेव्हा ते हवंच असतं. लोक दक्षिणेला घाबरतात आणि पश्चिमेची मास्टर बेडरूम आनंदाने घेतात, हे मला कधी कळलेलं नाही.

एका राहत्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला घरात घेतलं, माठातलं पाणी दिलं आणि खरं ते सांगितलं. होळी झाली की कूलर लागतो, तो हॉलमध्ये. मृग लागेपर्यंत घरातले सगळे हॉलमध्येच गाद्या टाकतात. दोन्ही बेडरूम त्या दिवसांत कपडे बदलायला. "झोपता येतच नाही तिथं, भिंत रात्री अकरालाही चटका देते." मी परतताना गाडीवर तोच हिशेब करत होते. सहाशे फुटांचं घर, वर्षातले तीन महिने दीडशे फुटांत. हप्ता मात्र मे महिन्यातही पूर्ण सहाशेचाच.

म्हणून मी प्रत्येक साइटवर एकच प्रश्न विचारायला लागले. कूलर कुठे लावणार? याला उत्तर देणारा सेल्सवाला मला भेटला नाही. एकाने "एसी पॉइंट दिलेत ना" म्हणून वेळ मारून नेली. एसी आम्हीही लावू, पण दार बंद करून एका खोलीत. दिवसभर उघड्या राहणाऱ्या घरात, जिथे कामवाली ताई येते, कुरियरवाला येतो, स्वयंपाक चालतो, तिथे अख्खं नागपूर कूलरवरच जगतं. आणि कूलरला नुसता कोपरा देऊन भागत नाही. अडीच-तीन फुटांचा तो पत्र्याचा देह खिडकीबाहेर हवा, म्हणजे तिन्ही बाजूंच्या ओल्या ताट्यांतून त्याला बाहेरची कोरडी हवा ओढता येते. घरात ठेवला तर तीच ओलसर हवा फिरवत बसतो आणि तासाभरात अंग चिकट होतं. शिवाय समोरच्या बाजूला दुसरी खिडकी उघडी हवी, आत आलेली हवा बाहेर जायला. हॉलला एकच बाल्कनी आणि बाकी तीन भिंती बंद असतील तर कूलर कितीही मोठा घ्या, गारवा दाराशीच थांबतो. सरकत्या खिडक्यांमध्ये आणखी एक गोम. सहा फुटांची दोन काचांची खिडकी प्रत्यक्षात तीनच फूट उघडते. तेवढ्यात कूलरचं तोंड बसवायचं आणि उरलेल्या फटी पुठ्ठ्याने बुजवायच्या, हे दृश्य आपल्याकडच्या कुठल्याही इमारतीच्या मागच्या बाजूला दिसेल.

प्लॉटवरच्या घरात कूलर आंगणात लोखंडी स्टँडवर उभा असायचा, बागेच्या नळीने पाणी भरायचं. तिसऱ्या मजल्यावर तो बाल्कनीत येतो. चार फूट रुंदीच्या बाल्कनीत तीन फूट त्याचे. पाणी बादलीने. पावसाळ्यात प्लास्टिक गुंडाळून तिथेच, कारण आत ठेवायला जागा नाही. माहितीपत्रकात त्याच बाल्कनीत वेताची खुर्ची आणि कॉफीचा कप दाखवलेला असतो. जून ते फेब्रुवारी कूलरला टेकून कॉफी प्यायची तयारी असेल तर प्रश्नच नाही. एसीचा बाहेरचा डबाही कुठेतरी लागतोच. तो ड्राय बाल्कनीत टांगला तर कपडे लवकर वाळतात, पण भांडी घासणारी ताई दुसऱ्या दिवशीच काम सोडते.

सासूबाईंची यादी निराळी होती. त्यांनी फूट-इंच काही विचारलं नाही. एका रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून त्यांनी विचारलं, "अगं, महालक्ष्म्या कुठे उभ्या राहतील?" भाद्रपदात आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा येतात, मखर, फराळाची ताटं, पुढे रांगोळी, तिसऱ्या दिवसापर्यंत तो कोपरा हलवता येत नाही. मी प्रश्न हसण्यावारी नेणार होते, पण भिंती बघितल्या आणि थांबले. १० बाय १६ चा तो हॉल. एका भिंतीत मुख्य दार, दुसरीत किचनची वाट आणि तिच्या शेजारी पॅसेज, तिसरीत बाल्कनीचं सरकतं दार. सलग भिंत एकच, आणि तिच्यावर टीव्ही येणार होता. सोफा कशाला टेकवायचा हेच कळेना. १६० फुटांच्या त्या हॉलमध्ये खरं तर ये-जा करण्याचेच रस्ते होते, एका दारातून दुसऱ्या दाराकडे जाणारे. त्यानंतर पाहिलेला १४० फुटांचा हॉल आम्हाला मोठा वाटला, कारण त्याची सगळी दारं एका टोकाला होती आणि दोन भिंती अखंड. चौरस फुटांइतकीच सलग भिंतीची लांबी कुणी नकाशावर लिहून द्यायला हवी.

धान्याचाही त्यांनी विचार केला होता. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू, तांदूळ आणि तुरीची डाळ भरतात, पत्र्याच्या दोन कोठ्या आहेत. वाळवण घालायला गच्ची सगळ्यांची असली तरी चालेल, पण गच्चीची किल्ली कुणाकडे असते ते विचार, असं त्या म्हणाल्या. हे मी विचारलं. एका ठिकाणी उत्तर आलं की गच्ची वरच्या मजल्यावाल्यांना 'दिली आहे'. सामाईक गच्ची अशी कुणाला देता येते का, हे विचारल्यावर पुन्हा चहा आला. पार्किंगचा प्रश्न वेगळा. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, पार्किंगची जागा स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आपल्या राज्यातल्या प्रकरणात म्हटलं होतं, पण ते रेराच्या आधीच्या कायद्यावरून. ती रक्कम वेगळ्या रकान्यात आजही ऐकायला मिळते.

शेवटी घेतलेला फ्लॅट ५८४ फुटांचा आहे. तो ६१२ वाला सोडून २८ फूट लहान घर घेतलं म्हणून काकांना अजून पटलेलं नाही. पण यात पॅसेज नाममात्र आहे, दोन्ही बेडरूम पूर्वेला आणि उत्तरेला आहेत, वर आणखी दोन मजले आहेत. पश्चिमेला किचन आणि बाथरूम येतात, म्हणजे तापायचं ते तिकडे तापेल. स्वयंपाक दुपारी तीनला कुणी करत नाही. उत्तरेच्या बाल्कनीत कूलर बसतो, समोर किचनच्या बाजूने हवा जायला वाट आहे, आणि बाल्कनीत नळ आहे. नळासाठी मी करारावर सही करायच्या आधी भांडले.

नवऱ्याच्या डोक्यात आता बाल्कनीला काचा लावून हॉल वाढवायचं आहे. त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी लावल्यात म्हणे. मी नाही म्हणतेय, सोसायटीच्या परवानगीचा प्रश्न आहेच, पण त्याआधी कूलरच्या हवेचा आहे. मिस्त्रीभाऊ माझ्या बाजूने आहेत. कोठ्यांच्या बाबतीत मात्र ते माझ्याही विरोधात गेले. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवलं की कोठ्यांना जागा उरत नाही आणि पलंगाखाली त्या जात नाहीत, उंची जास्त आहे. त्यांचा सल्ला, उंच कोठ्या विकून बुटक्या चार घ्या, पलंगाचा बॉक्स त्या मापाने करून देतो. सासूबाई म्हणतात, पलंगाचं माप बदला, कोठ्या माझ्या लग्नातल्या आहेत. पुढच्या रविवारी मिस्त्रीभाऊ टेप घेऊन कोठ्यांचं माप घ्यायला येणार आहेत.